अकराव्या रकान्याबाबत

प्रति,
मा. प्रवेश अधिकारी,
(कॉलेजचे नाव लिहिलेले नाही. लिहिले तर चिरंजीव म्हणतात, नजर लागेल.)

विषय : अर्जात पालकांसाठी अकरावा रकाना मिळणेबाबत.

महोदय / महोदया,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, माझे चिरंजीव न्यू जर्सीच्या सरकारी हायस्कुलात अकरावीत आहेत. इथे त्याला ज्युनिअर म्हणतात आणि घरात त्या वर्षी कुणी मोठ्याने हसत नाही.

तुम्हाला स्वयंप्रेरित मुलं हवीत, असं प्रत्येक माहितीपत्रकात छापलेलं असतं. आमच्या घरची स्वयंप्रेरणा शनिवारी भल्या पहाटे मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपलेली असते. स्टिअरिंगवर मी. न्यू जर्सीत सतरा पूर्ण झाल्याखेरीज एकट्याने गाडी चालवायचा परवाना मिळत नाही, आणि तुम्हाला हवे असलेले पराक्रम मात्र सोळाव्या वर्षीच करायचे असतात. डिबेट, रोबोटिक्स, फूड बँकेत डबे रचणं. नेतृत्वगुण जिथे जिथे दाखवायचे, तिथे तिथे त्यांना वेळेवर नेऊन सोडायचं, हे काम या विद्यार्थ्याच्या आईकडे आहे. त्याचा उल्लेख करायला तुमच्या अर्जात जागा नाही.

जागेचं म्हणाल तर कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक कॉलेजांच्या सामाईक अर्जात, उपक्रमांचे १० रकाने, आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. चिरंजीव गणपतीत ढोल वाजवतात. आता ढोल-ताशा पथक म्हणजे काय, ते मिरवणुकीत का असतं, कमरेला बांधलेला ढोल घेऊन तासन्‌तास चालताना खांद्याचं काय होतं, हे १५० अक्षरांत बसवून दाखवा. एकटं ‘महाराष्ट्र’ इंग्रजीत ११ अक्षरं खातं. शेवटी ‘पारंपरिक तालवाद्य समूह, सदस्य’ एवढंच उरलं. म्हणजे बँडच झाला की! आणि जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही दोघांनी त्यातले स्वल्पविराम कापले.

माझ्या वेळी बारावीचा निकाल लागला, पीसीएमची बेरीज झाली, भिंतीवर यादी लागली. नाव होतं. बाबा ‘बरं झालं’ म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. त्या पद्धतीत पुष्कळ खोट होती, पण बाबांना माझं व्यक्तिमत्त्व घडवावं लागलं नाही.

इकडे कॅम्पस बघायला गेलं की एक हसतमुख मुलगी उलटी चालत, एकदाही न अडखळता, ग्रंथालयापासून जिमपर्यंत नेते. प्रश्न सगळे आयाबाप विचारतात. मुलं दहा फुटांवर उभी राहून आपण अनाथ असल्याचं दाखवतात. घरी आल्यावर तुमच्या ईमेल उघडायच्या, कारण काही कॉलेजं म्हणे कुणी किती रस दाखवला याचीही नोंद ठेवतात. त्या कोण उघडतं, हे विचारू नका.

कृपया गैरसमज नसावा, मी वशिला मागत नाही. २०१९ साली उघडकीला आलेल्या प्रवेश घोटाळ्यात फेलिसिटी हफमन या अभिनेत्रीने मुलीच्या एसएटी या प्रवेशपरीक्षेची उत्तरं सुधारून घेण्यासाठी १५,००० डॉलर मोजले आणि १४ दिवसांची कैद ओढवून घेतली. आमच्याकडे १५,००० डॉलर असते तर आधी बेसमेंट पूर्ण केलं असतं. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना काही ठिकाणी झुकतं माप मिळतं, त्यातही आम्ही बसत नाही. आम्ही दोघं सांगलीच्या वालचंद कॉलेजचे.

पालकाची आठवण तुम्हाला अगदीच येत नाही असं नाही. अर्ली डिसिजनच्या करारावर विद्यार्थी आणि काउन्सेलर यांच्याबरोबर आमचीही सही लागते. प्रवेश मिळाला तर बाकीचे अर्ज मागे घेऊ, असं आम्ही लिहून द्यायचं. म्हणजे देण्याघेण्याची बोलणी व्हायच्या आधी साखरपुडा. परवडत नसेल तर माघार घेता येते म्हणे, पण मांडवातून परत फिरायची हिंमत कुणाच्या बापात असते? पुढे मुलगा कॉलेजात गेला की १९७४ च्या फर्पा कायद्याने गुणपत्रकावरचा हक्क त्याचा. त्याच्या संमतीशिवाय ते आम्हाला दाखवायला तुम्ही बांधील नाही. फीच्या बिलाला असली आडकाठी मी तरी कुठे ऐकलेली नाही.

आता मुद्द्याचं. ६५० शब्दांचा मुख्य निबंध लिहायला चिरंजीवांनी आत्तापासून घेतला आहे. मला फाइल ‘फक्त वाचा’ अशी मिळाली, शेरे मारायची सोय बंद करून. विषय त्यांनी तुमच्याच यादीतला निवडला: आयुष्यात आलेली अडचण आणि तिच्यावर केलेली मात. मला काळजी होती, या पोराला अडचण कुठून आणायची? आजवर जी दिसली ती मीच दूर केली. तर निबंधातली अडचण मीच निघाले. पहाटे उठवणारी, तक्ते करणारी, शेजाऱ्यांच्या मुलाचे एसएटीचे गुण तोंडपाठ असणारी. तिसऱ्या परिच्छेदात ते माझ्यावर मात करतात. निबंध चांगला आहे. एक स्पेलिंग चुकलंय, पण मला शेरा मारता येत नाही.

तरी अकराव्या रकान्यात पुढील नोंद करून घ्यावी, ही विनंती. उपक्रम : अर्जदारास अडचण पुरवणे. पद : संस्थापक. कालावधी : जन्मापासून, आठवड्याचे सातही दिवस. कॉलेजात गेल्यावर उपक्रम सुरू ठेवण्याचा विचार आहे का : होय.

कळावे,
आपली नम्र,
अर्जदाराची आई

सोबत : काही नाही. आमचे कराचे कागद पुढच्या ऑक्टोबरात तुम्ही मागालच.