आमची फायनल कुठं लपवलीत?

भारतीय क्रिकेट नियामक मंडळात बसून वर्षाचं वेळापत्रक आखणाऱ्या साहेबांनो,



रविवार, 2 मार्च 2025. तुमच्या दप्तरात या तारखेपुढे काय लिहिलंय ते एकदा काढून बघा. त्या दिवशी नागपुरात, जामठ्याच्या मैदानावर, विदर्भानं तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. महाशिवरात्रीला सुरू झालेला केरळविरुद्धचा सामना पाचव्या दिवशी अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर करंडक आमच्याकडे आला. दानिश मालेवारनं पहिल्या डावात 153 धावा काढल्या होत्या, करुण नायरनं 86 आणि 135. डावखुऱ्या हर्ष दुबेचे त्या हंगामातले बळी झाले 69. रणजीच्या एका हंगामात एवढे बळी त्याआधी कुणीच घेतले नव्हते.

आणि त्याच दुपारी बुलढाणा जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक चहाच्या टपरीवर, प्रत्येक मोबाइलवर चॅम्पियन्स करंडकातला दुबईचा भारत-न्यूझीलंड सामना लागला होता. दोन्ही संघ आधीच उपांत्य फेरीत पोचलेले. गटात पहिलं कोण आणि दुसरं कोण, एवढंच ठरायचं बाकी होतं. चॅम्पियन्स करंडक फेब्रुवारी-मार्चमध्ये होणार हे साऱ्या जगाला ठाऊक होतं. तरीही देशातल्या राज्यसंघांच्या सर्वांत जुन्या स्पर्धेची फायनल तुम्ही त्याच आठवड्यात कोंबलीत. हा अपघात नाही, साहेब. ही तुमची आवडनिवड आहे, आणि तिचा जाब मागायला हे पत्र लिहितोय.

तीन आठवडेही उलटले नाहीत तोच, 22 मार्चला आयपीएल उभी राहिली. ती 3 जूनपर्यंत चालली. 74 सामने. मध्ये सीमेवरच्या तणावामुळे आठवडाभर थांबावं लागलं, नाही तर तुम्ही तेवढंही थांबला नसता.

मी टी-ट्वेंटीचा वैरी नाही, हे आधी सांगून टाकतो. 24 सप्टेंबर 2007च्या रात्री, पहिल्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या फायनलमध्ये, जोगिंदर शर्माच्या चेंडूवर पाकिस्तानच्या मिसबाहनं तो स्कूप मारला आणि श्रीसंतनं खाली झेल घेतला, तेव्हा चिखली-मेहकरच्या गल्ल्यांत पोट्टे रात्री उशिरापर्यंत नाचत होते. पण एक हिशेब ध्यानात घ्या. त्या विश्वचषकाला जाण्याआधी भारतीय संघ या प्रकारातला अवघा एक आंतरराष्ट्रीय सामना खेळला होता, 1 डिसेंबर 2006 रोजी, जोहान्सबर्गला. आणि 2022 या एका वर्षात तुम्ही त्याच संघाला 40 टी-ट्वेंटी सामने खेळवलेत. 2007चा तो एक झेल आज चाळिशीतला माणूस डोळे मिटून सांगतो. 2022मधल्या 40 सामन्यांपैकी त्याला किती आठवतात, ते विचारून बघा. मेलबर्नला कोहलीनं हॅरिस रौफला मारलेले दोन षटकार सांगेल, आणि मग गप्प होईल.

आमच्याकडे पोळा वर्षातून एकदा येतो. तोच दर आठवड्याला आणला, तर बैलांच्या शिंगांना रंग लावायला कुणाचा हात उठेल? लोक क्रिकेटला कंटाळले, असं तुमच्यातलेच कुणी आता म्हणू लागले असतील, तर ते खोटं आहे. लोक कंटाळले ते वाट न पाहता समोर येऊन पडणाऱ्या सामन्यांना.

त्याचा पुरावा तुमच्याच अंगणात आहे. 4 ऑगस्ट 2025, श्रावणी सोमवार. ओव्हलवर इंग्लंडला 35 धावा हव्या होत्या आणि आपल्याला चार बळी. खांदा निखळलेला ख्रिस वोक्स एक हात स्वेटरमध्ये बांधून मैदानात उतरला. सिराजनं शेवटचा त्रिफळा उडवला आणि आपण सहा धावांनी जिंकलो. आमच्याकडे ते सोयाबीन-कपाशीच्या फवारणीचे दिवस. पाठीवर पंप घेतलेली माणसं बांधावर थांबून खिशातल्या मोबाइलवर समालोचन ऐकत होती. पंचवीस दिवसांच्या खेळाची मालिका होती ती, पाचही कसोट्या पाचव्या दिवसापर्यंत गेल्या, आणि कुणीही 'लांबलं बाप्पा' म्हटलं नाही.

दुसरा पुरावा 2 नोव्हेंबर 2025चा. नवी मुंबईत हरमनप्रीतच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. पन्नास षटकांचा सामना, त्यात पावसानं झालेला उशीर, निकाल लागेपर्यंत मध्यरात्र. आमच्या गावांतल्या आया, आज्या, शाळकरी पोरी जाग्या होत्या. उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्सनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध काढलेल्या नाबाद 127 धावांची आठवण त्यांना अजून ताजी आहे. आता सांगा, त्याच 2 नोव्हेंबरला तुमचा पुरुषांचा संघ काय करत होता? होबार्टला ऑस्ट्रेलियाशी पाच सामन्यांच्या टी-ट्वेंटी मालिकेतला तिसरा सामना खेळत होता. देशातल्या मुली पहिल्यांदा जगज्जेत्या होऊ शकणार होत्या, त्या दिवशी. त्या एका तारखेलासुद्धा तुम्हाला मैदान मोकळं ठेवता आलं नाही.

2023चीही गोष्ट काढतो, कारण ती अजून सलते. 19 नोव्हेंबरला अहमदाबादला आपण विश्वचषकाची फायनल हरलो. सलग दहा सामने जिंकलेला संघ एका रात्रीत हरला. त्या दिवशी घराघरात ताटं तशीच राहिली. माणसाला दुःख करायलाही थोडी जागा लागते. तुम्ही दिलेत चार दिवस. 23 नोव्हेंबरला विशाखापट्टणमला त्याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध टी-ट्वेंटी मालिका सुरू. आदल्या दिवशी कर्णधार सूर्यकुमार यादवच्या पत्रकार परिषदेला दोन पत्रकार आले होते. क्रिकेटवरच ज्यांचं पोटपाणी चालतं ती माणसं यायला तयार नव्हती, आणि प्रेक्षकांनी मात्र टाळ्या पिटाव्यात अशी तुमची अपेक्षा होती.

तुम्ही म्हणाल, पैसा येतो. येतो, हे नाकारत नाही. 2023 ते 2027 या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रसारण हक्क 48,390 कोटींना गेले. 410 सामने धरून तो करार झाला होता, म्हणजे एका सामन्याची किंमत 118 कोटी. एकदा हा आकडा ठरला की सामना हा सामना राहत नाही, विकायचा माल होतो. 2008मध्ये आठ संघ आणि 59 सामन्यांनी सुरू झालेली स्पर्धा दहा संघ आणि 74 सामन्यांवर गेली. मध्येच अडीच-अडीच मिनिटांचे टाइमआउट, म्हणजे जाहिरातींसाठी राखलेला वेळ. 2023पासून अकराच्या जागी बारा खेळाडू, म्हणजे अष्टपैलूला षटक देण्याची गरजच उरली नाही. रोहित शर्मानं या नियमाविरुद्ध उघड मत मांडलं, तरी तुम्ही ढिम्म. 250-260 धावा होतात आणि गोलंदाज नुसता चेंडू आणून देणारा गडी ठरतो. पंजाबनं कोलकात्यात 262 धावांचा पाठलाग केला, ती 26 एप्रिल 2024ची रात्र. तो विक्रम होता, आणि पंधरा दिवसांत कुणाच्या बोलण्यात उरला नाही, कारण त्यामागून आणखी पंधराहून जास्त सामने आले होते.

पण पैशाचा एक ओघळ असा आहे की त्याच्याबद्दल तुमच्याशी गोड बोलणं मला जमणार नाही. रोज संध्याकाळी साडेसातला सामना म्हटल्यावर रोज संध्याकाळी मोबाइलच्या अॅपवर पैसे टाकून टीम लावणं आलं. 49 रुपयांत करोडपती. 2020च्या आयपीएलचं नाव ज्या अॅपनं विकत घेतलं, त्याच अॅपचं नाव 2023पासून तुम्ही भारतीय संघाच्या छातीवर मिरवलंत. खेळाडू हसत हसत जाहिरात करायचे आणि शेवटी जोखमीची सूचना कुणाला कळणार नाही अशा वेगानं वाचली जायची. खामगावच्या बाजारात हमाली करणारा, जळगाव जामोदला शेतीकाम करणारा, एमपीएससीच्या नावाखाली बुलढाण्यात खोली घेऊन राहणारा, ही सगळी पोरं त्या सूचनेच्या वेगात वाहून गेली. पीककर्जाचे पैसे त्यात गेलेली घरं आमच्याकडे आहेत. ऑगस्ट 2025मध्ये संसदेनं कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, तेव्हा ते नाव जर्सीवरून उतरलं. तुम्ही उतरवलं नाही, कायद्यानं उतरवलं. वर्षात मोजके सामने असते तरी जुगार झाला असता, मान्य. पण रोजचा सामना हा रोजच्या जुगाराचा पाट आहे, आणि पाटाचं दार तुमच्या हातात होतं.

आणखी एक एप्रिल आठवतो. 2016चा. विदर्भ-मराठवाड्यात विहिरी तळाला गेल्या होत्या, गावोगाव टँकर फिरत होते आणि तुम्ही मैदानाच्या हिरवळीसाठी पाणी वापरणार होतात. मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. तेही तुम्ही स्वतःहून केलं नाही. भेंडवळच्या घटमांडणीत अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पावसाचं भाकीत ऐकायला जमणारा शेतकरी आणि रात्रीच्या दिव्यांखाली भिजवलं जाणारं मैदान, ही दोन्ही चित्रं एकाच उन्हाळ्यातली आहेत. तुमच्या वेळापत्रकात पहिल्याला कधी जागाच नव्हती.

आता रणजीकडे परत येतो, कारण माझं मुख्य भांडण तिथं आहे. 1934-35पासून एकही वर्ष न चुकलेली ही स्पर्धा कोरोनात 2020-21मध्ये तुम्ही रद्द केलीत. आयपीएल मात्र 2020मध्ये अमिरातीत झाली, 2021मध्ये अर्धी इथं आणि अर्धी तिथं झाली. 2024-25पासून रणजीचे दोन तुकडे केलेत: पाच सामने झाले की मध्ये टी-ट्वेंटी आणि एकदिवसीय स्पर्धा, मग जानेवारीत उरलेली रणजी. लय लागलेला गोलंदाज मध्येच चार षटकांचा गडी होतो आणि दोन महिन्यांनी पुन्हा दिवसाची वीस षटकं टाकायला येतो. आणि मग आपण न्यूझीलंडकडून घरात 0-3 हरतो, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ईडनवर 124 धावांचा पाठलाग करताना 93वर आटोपतो आणि गुवाहाटीला 408 धावांनी हरतो, तेव्हा तुम्हीच विचारता की फलंदाजांचा संयम कुठं गेला. संयम शिकवणारी शाळा तुम्ही टप्प्याटप्प्यानं आखडती घेतलीत.

रणजी बघायला लोक येत नाहीत, हे तुमचं आवडतं उत्तर. 30 जानेवारी 2025ला विराट कोहली दिल्लीकडून रणजी खेळायला उतरला. पहाटेपासून कोटलाबाहेर रांगा होत्या, हजारो माणसं. तो पुढे सहा धावांवर बाद झाला, पण लोक आले होते, ही गोष्ट खरी. तुम्ही मोठ्या खेळाडूंना तिकडे फिरकायला क्वचितच सवड ठेवता, सामना दाखवता तो कोपऱ्यातल्या वाहिनीवर, आणि मग रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवता.

विदर्भाकडे बघा ना. 2017-18, 2018-19 आणि 2024-25, आठ वर्षांत तीन करंडक, 2023-24ला उपविजेते. फैज फजल, वसीम जाफर, चंद्रकांत पंडितांनी रचलेला पाया. इंदूरच्या फायनलमध्ये रजनीश गुरबानीची हॅटट्रिक. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव. शेजारच्या अकोल्यातून आदित्य ठाकरे, अथर्व तायडे. आमच्या मलकापुरातल्या, लोणारमधल्या, देऊळगावराजातल्या पोराला हे सगळं आपलं वाटायला हवं होतं. त्याला हैदराबादचे पाच परदेशी खेळाडू तोंडपाठ आहेत, पण 2024-25चा करंडक जिंकताना अक्षय वाडकर विदर्भाचा कर्णधार होता हे माहीत नाही. त्यात त्या पोराचा काडीचाही दोष नाही. त्याच्यासमोर वर्षातले जे तीनशे दिवस ठेवलेत, त्यात हे नाव येतच नाही.

म्हणून मागणी सरळ लिहितो. रणजीच्या फायनलच्या पाच दिवसांत देशाच्या कुठल्याही संघाचा सामना ठेवू नका, आणि ती फायनल मराठी समालोचनासह सगळ्यांना फुकट दाखवा. विश्वचषक संपल्यावर किमान एक महिना पुरुष संघाची एकही मालिका नको. आयपीएल 2008इतकीच ठेवा, 59 सामन्यांची. आणि रणजी पुन्हा एकसंध करा. विदर्भ क्रिकेट संघटनेला सांगून दरवर्षी एक तरी रणजी सामना नागपूरच्या बाहेर, अमरावती विभागात भरवा. खामगाव-शेगावहून, समृद्धी महामार्गावरून मेहकरहून, जिथं भरवाल तिथं आम्ही येऊ. शेवटच्या दिवसापर्यंत बसू. हंगामाच्या तारखा तेवढ्या आम्हाला वेळेवर कळवा, सुगीची कामं त्याप्रमाणे उरकता येतील.

आपला,
बुलढाणा जिल्ह्यातला एक प्रेक्षक