फलाट क्रमांक श्रीहरिकोटा

पांढरकवड्याच्या बसस्थानकावरून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना गावात कोणी नावानं ओळखत नाही. ते कंट्रोलर काका. निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, नाहीतर कापसाच्या भावाला. काका श्रीहरिकोट्याला लागले. याला त्यांच्याकडे भौगोलिक आधारही आहे. "आपल्या गावावरून जो रस्ता हैदराबादले जाते, त्यानंच पुढं श्रीहरिकोट्याले जा लागते. म्हंजे लाइन आपलीच हाय."

उड्डाणाच्या दिवशी काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, टीव्हीपुढं खुर्ची टाकून बसतात. मांडीवर रजिस्टर. त्यात रकाने आखलेले : नियत वेळ, प्रत्यक्ष वेळ, शेरा. 15 फेब्रुवारी 2017 च्या पानावर पीएसएलव्ही-सी 37 समोर दोन्ही रकान्यांत 9.28 लिहिलं आहे आणि शेऱ्यात 'प्रवासी 104, पूर्ण भरून'. एका रॉकेटातून 104 उपग्रह गेल्याचं जगाला नवल वाटलं. काकांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की, यातले उभे किती होते.

आकडे उलटे सुरू झाले की काकांची उजवी मूठ आपोआप तोंडापाशी जाते. सगळी नोकरी माइकसमोर गेली, त्याची ती सवय. "कृपया इकडे लक्ष द्या," म्हणून ते श्रीहरिकोट्याची इंग्रजी घोषणा आमच्यासाठी मराठीत करतात, आणि बोलून झालं की अंगठ्यानं मुठीवरचं नसलेलं बटण बंद करतात. बटण बंद झाल्याशिवाय खासगी बोलायचं नाही, हा नियम. एकदा काकूंनी मधेच "चहा ठेवू का?" विचारलं, तर काकांनी डोळे वटारून मुठीकडे बोट दाखवलं. जणू ते वाक्य सगळ्या स्टँडवर ऐकू गेलं असतं.

मला बरेच दिवस वाटायचं, काकांना अंतराळाचं वेड आहे. तसं काही नाही. चंद्रावर काय सापडलं, असं विचारलं तर म्हणतात, "ते प्रवाशानं पाहावं. आपलं काम गाडी सोडायचं." आपण सगळे जाळ आणि धूर बघायला बसतो. काका बसतात ते परवानगी ऐकायला. मिशन डायरेक्टर उड्डाणाला मंजुरी देतो त्या क्षणी ते खुर्चीतून उठून उभे राहतात. पुढं रॉकेट वर गेलं की त्यांचा निम्मा रस संपतो. पडद्यावरची आखलेली रेघ आणि प्रत्यक्षातली रेघ एकमेकींवर बसताहेत ना, एवढं ते बघतात. मे 2025 मध्ये पीएसएलव्ही-सी 61 चा तिसरा टप्पा बिघडला, तेव्हा सकाळी सहाला उठून बसलेल्या काकांनी शेरा लिहिला : 'वाटेत ब्रेकडाऊन. चौकशी व्हावी.' बडबड नाही, हळहळ नाही. नोंद.

पण उड्डाण थांबलं की बघा! 15 जुलै 2019. चांद्रयान-2 पहाटे 2.51 ला निघायचं होतं. काका रात्रभर जागे. 56 मिनिटं 24 सेकंद बाकी असताना रॉकेटात दोष आढळला म्हणून घड्याळ थांबवलं गेलं. देशभर लोक चुकचुकत झोपायला गेले आणि इकडे काकांनी काकूंना हलवून उठवलं.

"अवं ऊठ! थांबवली!"

"काय थांबवलं?"

"चांद्रयान! राष्ट्रपती समोर बसून होते, तरी थांबवली!"

"मंग आता झोपा."

काका झोपले नाहीत. राष्ट्रपती कोविंद खरंच त्या रात्री श्रीहरिकोट्याला हजर होते, आणि काकांच्या लेखी हीच सगळ्या मोहिमेतली खरी मोठी गोष्ट. गाडी कोणीही सोडतो. भरलेली, सुरू झालेली, पुढाऱ्याचा माणूस खिडकीशी उभा राहून "सोडा ना राजेहो" म्हणत असलेली गाडी ब्रेकमध्ये शंका आहे म्हणून थांबवायला कंट्रोलर लागतो. आठवड्यानं, 22 जुलैला दुपारी 2.43 ला ते यान व्यवस्थित गेलं. त्या नोंदीला रजिस्टरात एक ओळ आहे. न गेलेल्याला दीड पान.

ज्या गाडीला वेळापत्रक नाही तिचा मात्र त्यांना राग. 2022 च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे सरकत गेले. आम्ही सगळे गच्चीवर. कोणी उल्का म्हणालं, कोणी विमान. काका म्हणाले, "हे आपल्या शेड्यूलमंधी नाई." चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलं मोठं कडं पडलेलं सापडलं आणि जाणकारांनी ते चिनी रॉकेटाचं असावं असं सांगितलं, तेव्हा काकांनी निवाडा दिला : "रिकामी गाडी डेपोत न्या लागते. लोकाच्या गावात सोडून देत नाईत."

23 ऑगस्ट 2023 ची, चांद्रयान-3 चंद्रावर उतरायची संध्याकाळ गल्लीला पाठ आहे. त्या दिवशी काकांचं केबल कनेक्शन नेमकं बंद, म्हणून पुतण्यानं मोबाइल टीव्हीला जोडून इस्रोचं यूट्यूब लावून दिलं. शेजारी दूरदर्शन. यूट्यूबचं चित्र काही सेकंद मागं असतं, हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं. सहा वाजून चार मिनिटांच्या सुमारास शेजारच्या घरात एकदम गलका झाला, कोणीतरी लडी लावली, रस्त्यावर पोरं "भारतमाता की जय" ओरडत धावली. काकांच्या पडद्यावर विक्रम लँडर अजून चंद्राच्या वर. पुतण्या उडी मारणार, तेवढ्यात काकांनी हात आडवा केला.

"थांब. आपली अजून लागली नाई."

"काका, उतरलं ते! बाहेर फटाके फुटून राह्यले!"

"त्याहिची उतरली असंन. आपली पाहू."

सगळी गल्ली नाचत असताना त्या एका खोलीत आम्ही सहा माणसं श्वास धरून बसलो होतो. बाहेर पेढे वाटले जात होते आणि काकांची मूठ तोंडाशी होती. मग आमचंही उतरलं. काकांनी घोषणा केली, बटण बंद केलं, आणि मगच टाळ्यांना परवानगी मिळाली. इस्रोच्या त्या यूट्यूब प्रक्षेपणाला एकाच वेळी 80 लाखांहून जास्त प्रेक्षक होते, हे पुढं कळलं तेव्हा काका म्हणाले, "मंग उशीर होनारच ना बाप्पा. एका गाडीत ऐंशी लाख!"

सप्टेंबरच्या सुरुवातीला चंद्रावर रात्र होणार म्हणून प्रज्ञान रोव्हर आणि विक्रमला झोपवण्यात आलं. काकांनी शेऱ्यात लिहिलं, 'मुक्कामी'. 22 तारखेला तिथं उजाडलं, हाका मारून झाल्या, उत्तर आलं नाही. काकांना त्याचं वाईट वाटलं नाही. मुक्कामी गाडी सकाळी सुरू होत नाही, यात नवीन काय? दहा धक्के द्यायला तिथं माणसं नव्हती, इतकंच.

त्यांचा सर्वोच्च आनंद मी पाहिला तो 21 ऑक्टोबर 2023 ला. नवरात्र चालू होतं. काकूंना केळापूरच्या जगदंबेला जायचं होतं, गर्दी वाढायच्या आत. पण गगनयानाच्या बचाव यंत्रणेची चाचणी होती, सकाळी आठला. "आठले उडलं की साडेआठले निघू," असं ठरलं. आठची वेळ साडेआठ झाली. मग पावणेनऊ. काकू ओटीचं ताट घेऊन दारात. काका मुठीत बोलताहेत. दहा, नऊ, आठ... आणि पाच सेकंद उरले असताना संगणकानं उड्डाण रोखून धरलं.

काकांनी रजिस्टर हवेत फेकलं. "पाच सेकंद! अबे, पाच सेकंदावर थांबवली! मानसानं नाई, मशिननं!" त्यांनी वणीच्या, घाटंजीच्या, यवतमाळच्या जुन्या सहकाऱ्यांना फोन लावले. दोष शोधला गेला, दहा वाजता उड्डाण झालं, कुपी छत्र्यांखाली समुद्रात उतरली. काकांनी वेळ टिपली, सही केली आणि वळून म्हणाले, "चाल, आता आपन निघू."

दारात कोणी नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. मागं घंटा, गर्दी आणि काकूंचा आवाज.

"दर्शन झालं माह्यं. तुमचं उडलं का?"

"कोनाले इचारून निघाली तू?"

"कोनाले इचारतो मी? साडेआठची येळ तुमीच देली होती."