गिंबलचा रेनकोट

पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडचा संपर्क तुटतो. हे वर्षानुवर्षं चालत आलंय, तरी दर वेळी ते ‘ब्रेकिंग’च असतं. पूर टिपायला येणाऱ्यांना खरी काळजी मात्र कॅमेरा स्थिर धरणाऱ्या गिंबलची. बिचाऱ्याच्या तिन्ही मोटरी नाजूक. आत पाणी शिरलं की कॅमेरा अंगात आल्यासारखा घुमतो. म्हणून प्लास्टिक गुंडाळायचं, तेही सैल, कारण पिशवी भुजांत अडकली की तोल बिघडतो नि मोटर तापते. वर छत्री धरायला वेगळा माणूस. तो भिजला तरी चालतं, त्याला वॉरंटी नसते. रात्री यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात निजतं. रोवणीवरून आलेली बाई आपली खोळ चुलीपाशी वाळवते.

हेच कॅमेरे वाघांमागेही लागतात; पण ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांना बंद, त्यामुळे तिथले वाघ या कौतुकातून सुटतात. बफरमधल्यांचं नशीब वेगळं.

तेव्हा मित्रांनो, भिजलं यंत्र आधी बंद करा, बॅटरी काढा, मगच पुसा. आणि चित्र एवढं स्थिर आलंच आहे, तर पुलाचं काय झालं तेही एकदा विचारा.