मुळाशी न जाण्याची कला

आमच्या घरात ऑर्किड साधारण साडेतीन महिन्यांत मरते. गुलाब आठवड्याभरात मान टाकून मोकळा होतो, आणि मनी प्लांट तर मरायचे नावच काढत नाही. आजारपण, औषधोपचार, थोडी आशा, पुन्हा आजारपण आणि मग अंत, असा शुश्रूषेचा पुरेपूर आनंद देऊन जाणारे झाड मी तरी दुसरे पाहिलेले नाही. आतापर्यंत अशी पाच ऑर्किड आमच्या हातून गेली. या अधिकारावर चार शब्द लिहीत आहे.

पहिले ऑर्किड वास्तुशांतीला आले. फॅलेनॉप्सिस जातीचे, जांभळ्या फुलांचे, चिनी मातीच्या पांढऱ्याशुभ्र कुंडीत. कुंडीला भोक नव्हते, हे मला फार आवडले. भोक असले की घातलेले पाणी खालून निघून जाते, म्हणजे आपल्या प्रेमाचा काही भाग फरशीवर सांडतो. आत एक पारदर्शक प्लास्टिकचा पेला होता. या झाडाच्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. ते कोरडे असताना रुपेरी दिसते, ओले झाले की हिरवे. मुळे रुपेरी दिसली की पाणी घालायचे, एवढे कळावे म्हणून पेला पारदर्शक ठेवतात म्हणे. म्हणजे प्रत्येक वेळी झाडाची परवानगी घ्यायची! आम्ही पेला तसाच कुंडीत ठेवला आणि वरून पांढरे गोटे पसरले. कुंडी दिवाणखान्यात शोभून दिसू लागली.

दुसऱ्या महिन्यात पाने लुळी पडली, त्यांवर सुरकुत्या आल्या. आता, पान सुकले म्हणजे झाडाला तहान लागली, हे शेंबडे पोरही सांगेल. जाणकारांचे म्हणणे मात्र असे की पाणी कमी पडले तरी पाने लुळी पडतात आणि पाणी जास्त झाले तरीही. कारण जास्त पाण्याने मुळे कुजतात, कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि झाड पाण्यात उभे राहून तहानेने मरते. दोन उलट रोग, लक्षण एकच. खरे काय ते मुळे पाहिल्याशिवाय कळत नाही. इथेच शहाणी माणसे फसतात. ती मुळे पाहायला जातात, मग त्यांना खरे कळते, आणि मग उपचार बदलावा लागतो. आमच्या घराण्यात कुठल्याच बाबतीत मुळाशी जायची पद्धत नाही.

तर आम्ही पाणी वाढवले. सकाळी ऑफिसला निघताना मी एक पेला घालत असे. दुपारी बायको घालत असे, कारण मी विसरलो असणार याची तिला खात्री होती. भांडी घासायला येणाऱ्या मावशी "वहिनी, कोमेजलंय हो हे" म्हणून जाता जाता तांब्यातले उरलेले ओतत. रविवारी आई पूजेनंतर पानांच्या मधोमध पळीभर पाणी सोडायची. दोन पानांच्या बेचक्यात ते पाणी छान साचून राहायचे. तिथे साचलेले पाणी टिपून घ्यावे, नाहीतर झाडाचा गाभा सडतो, असे कुणीतरी म्हणाले. पण देवाचे तीर्थ टिश्यू पेपरने पुसायचे कसे? अमेरिकेत म्हणे आठवड्याला बर्फाचे तीन खडे ठेवा असे सांगतात. तीन! आपण पाहुण्याच्या सरबतातसुद्धा जास्त टाकतो.

तज्ज्ञांची आम्हाला कधी वाण पडली नाही. तळमजल्यावरच्या नानांनी हळद सुचवली. वहिनीने फोनवर दालचिनीची पूड सांगितली. कुजका भाग कापल्यावर त्या कापावर चिमूटभर लावायची, ती जखम कोरडी करते, आणि म्हणूनच चांगल्या मुळांना लावायची नाही, असे ती पुढे सांगत होती. तोवर आम्ही फोन ठेवला होता. दालचिनी संपली होती, म्हणून चहाचा मसाला सगळ्या कुंडीभर पसरला. घरात दोन दिवस सुंदर वास होता.

तिसऱ्या ऑर्किडच्या पानांच्या बेचक्यात पांढरे, कापसासारखे काहीतरी दिसू लागले. आई म्हणाली, "अरे, नवीन कळी धरतेय." आम्ही तीन आठवडे त्या कळीचे कौतुक केले, नातेवाइकांना फोटो पाठवले. ते पिठ्या ढेकूण होते. स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा बुडवून पुसून काढायचे आणि आठवड्याने पुन्हा पुसायचे, कारण अंड्यांतून नवीन पिल्ले निघतात, इतका सोपा इलाज. पण फोटो पाठवून झाल्यावर कळी पुसून टाकणे बरे दिसत नाही.

चौथ्याने मात्र खरोखरच कळ्या धरल्या. एप्रिलचा महिना, शेजारच्याच टेबलाखाली आंब्यांची अढी. आंबे पिकू लागले आणि इकडे कळ्या पिवळ्या पडून टपाटप गळू लागल्या. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्याने कळ्या गळतात, असे शास्त्र सांगते. शास्त्राचे बोलणे मनावर घेऊन हापूस बाहेर ठेवायचा? आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. दृष्ट काढल्यापासून एकही कळी गळली नाही. झाडावर एकही उरली नव्हती, हा भाग वेगळा.

आमची परंपरा मोठी आहे, हे नम्रपणे नमूद करतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या अमीर-उमरावांनी उष्ण देशांतून जहाजे भरभरून ऑर्किड नेली आणि बंद, तापवलेल्या, दमट काचघरांत ठेवून मनापासून मारली. मग 1830 च्या दशकात चॅट्सवर्थला डेव्हनशायरच्या ड्यूकचा माळी असलेल्या जोसेफ पॅक्स्टनने काचघरांत वारा खेळता ठेवला, कुठल्या झाडाला किती ऊब लागते ते पाहून वेगवेगळी घरे केली, आणि झाडे जगू लागली. 1835 मध्ये त्याच्या हाताखालचा जॉन गिब्सन ऑर्किड गोळा करायला निघाला आणि आपल्या खासी टेकड्यांपर्यंत येऊन गेला. म्हणजे काचघरातला माणूस झाडाच्या मूळ घरी आला. एवढा खटाटोप करण्यापेक्षा जास्त पाणी घालणे किती स्वस्त!

आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी घ्या, तीही ऑर्किडच. झाडाच्या खोडाला मुळे चिकटवून उघड्या वाऱ्यात लोंबत असते. पावसात भिजते, वाऱ्यावर सुकते, पुन्हा भिजते. ज्या झाडावर राहते त्याचे काही खात नाही, तरी लोक तिला बांडगूळ म्हणतात. तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही आणि ती दर वर्षी फुलते. इतकी कृतघ्न वनस्पती आम्हाला घरात नकोच.

पाचवे गेले तेव्हा मात्र मी एक चूक केली. फेकण्याआधी गोटे काढून पेला उपसला. आत मधोमध लिंबाएवढा मॉसचा बोळा होता. रोपवाटिकेतून येतानाच तो मुळांच्या पोटात बसवलेला होता, आणि पिळला तर अर्धी वाटी पाणी निघाले. फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याचा वास आला. एक तपकिरी मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढले, तर त्याची साल शिजलेल्या भेंडीसारखी सुळकन निघून आली आणि हातात शिवणाच्या दोऱ्याएवढी तार उरली. दुसरे तसेच, तिसरेही तसेच. चौथे मात्र कडक होते. दोन बोटे लांब, टोकाला हिरवेगार.

कुजके सगळे कापून टाका, कोळसा आणि सालीच्या कोरड्या तुकड्यांत ठेवा, मूळ रुपेरी होईपर्यंत पाण्याला हात लावू नका; एका मुळावरसुद्धा झाड जगू शकते, असे म्हणतात. जिवंत मूळ पाहून सगळ्यांना भरून आले. मावशींनी तांब्या आणला.

परवा सहावे आणायला गेलो. रोपवाटिकेवाला आता ओळखतो, न मागता पन्नास रुपये कमी करतो. कुंडी कागदात गुंडाळता गुंडाळता त्याने विचारले, "साहेब, दर वर्षी एक नेता. विसर्जन करता का?"