‘उप’: अर्थ, व्युत्पत्ती आणि शपथविधी

‘उप’ हा संस्कृतातील बावीस उपसर्गांपैकी एक. ग्रीकमधील ‘हुपो’ आणि लॅटिनमधील ‘सुब’ हे त्याचे भाऊबंद. मूळ अर्थ ‘जवळ’. गुरूजवळ नेणे ते उपनयन, त्याच्याजवळ बसून मिळवायची विद्या ती उपनिषद, देवाजवळ राहणे तो उपवास. महाराष्ट्रात उपवास साबुदाण्याच्या खिचडीजवळ राहून करतात. जवळीक कायम असल्याने मूळ अर्थाला बाध येत नाही.

जवळ उभा असणारा मुख्य नसतो, म्हणून ‘दुय्यम’ हा अर्थ आला: उपनदी, उपकथानक, उपसरपंच. पाणिनी मात्र सावध होता. ‘उप’ कमीपणा दाखवतो तसे आधिक्यही दाखवतो, अशी तरतूद त्याने अष्टाध्यायीत करून ठेवली. गुरूचा उपग्रह गॅनिमीड व्यासाने बुध ग्रहापेक्षा मोठा आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख लोक होते, तर मुंबई उपनगरात सुमारे ९४ लाख. उपसरपंचाला यांतला कोणता अर्थ लावावा, हे ग्रामपंचायतीच्या बैठकीत शेवटचा शब्द कोणाचा यावरून कळते.

या उपसर्गाचे सर्वांत फलदायी रूप म्हणजे ‘उपमुख्यमंत्री’. राज्यघटनेत उपराष्ट्रपतीसाठी कलम ६३ आहे, विधानसभेच्या उपाध्यक्षासाठी कलम १७८. उपमुख्यमंत्र्यासाठी एकही नाही. पदच नसल्याने त्याच्या संख्येला मर्यादाही नाही. महाराष्ट्रात १९७८ साली नाशिकराव तिरपुडे एकटेच होते. २०२३ मध्ये दोघे झाले. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये एकदम पाच नेमले. एका नामाला एकाच वेळी पाच ‘उप’ जोडण्याची सोय व्याकरणात नाही, मंत्रिमंडळात आहे.

उपसर्गाला स्वतःचा अर्थ असतो का, हा वाद यास्काच्या निरुक्तात नोंदलेला आहे. शाकटायनाच्या मते सुटा उपसर्ग निरर्थक. गार्ग्याच्या मते त्याला स्वतंत्र अर्थ असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपमुख्यमंत्र्यांच्या नेमणुकांविरुद्धची याचिका फेटाळली. उपमुख्यमंत्री हे निव्वळ नामाभिधान असून तो अखेर मंत्रीच, असे न्यायालयाचे मत पडले. शाकटायनाची बाजू अशी उशिरा का होईना, ग्राह्य धरली गेली. गार्ग्याचे अनुयायी शपथविधीच्या आदल्या रात्रीपर्यंत रुसलेले आढळतात.

पाणिनीची एक अट उरते: क्रियेशी जोडला गेला, तरच तो उपसर्ग. तिची पूर्तता खातेवाटपापर्यंत प्रलंबित ठेवण्याची प्रथा आहे.