आठ सिलिंडर, एक चौक

फोर्डने १९६४ साली मस्टँग काढली ती अमेरिकेतल्या बेताच्या पगारदार तरुणांसाठी. किंमत २,३६८ डॉलरपासून. आपल्याकडे ती रीतसर अवतरली २०१६ मध्ये, दिल्लीच्या शोरूममध्ये ६५ लाखांना. पगारदार वगळता बाकीच्यांची सोय झाली. मोशी-चाकण पट्ट्यात जमिनीला एमआयडीसीची हवा लागली की गुंठामंत्र्याला ६५ लाख म्हणजे किरकोळ, म्हशीच्या गोठ्याचाच तर भाव!

पाच लिटरचं व्ही-एट इंजिन. संध्याकाळी शिफ्ट सुटताना चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहून ते डरकाळ्या फोडतं. पुढे कंटेनर, मागे कंपनीची बस, शेजारून हातात डबा घेतलेला हेल्पर चालत पुढे निघून जातो. जाता जाता विचारतो, “दादा, ॲव्हरेज किती देते?”

कुणाला शेव्हर्लेची कॉर्व्हेट हवी असते. शेव्हर्लेचा कारखाना तळेगावातच होता की, २००८ पासून! पण तिथून निघाल्या स्पार्क आणि बीट. डिसेंबर २०२० मध्ये तिथलं वाहन उत्पादनही थांबलं. आता जागा ह्युंदाईची.

राहिली जुनी, अस्सल अमेरिकन. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नाशी उलटलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, फी २० हजार. मात्र रोज रस्त्यावर फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. हा नियम दिल्लीत बसून लिहिला म्हणतात. मला तर लिहिणारा तळेगाव चौकात अडकलेला वाटतो.