बाहेरचा गडी आणण्याची नियमावली

प्रस्तावना

तूर काढणीला आली, हरभऱ्याला घाटे धरले की रिसोड तालुक्यात टेनिस बॉलच्या स्पर्धांचे बॅनर लागतात. बॅनरवर आधी पहिलं बक्षीस देणाऱ्याचा फोटो, मग दुसरं-तिसरं देणाऱ्यांचे, मग ज्यांनी काहीच दिलं नाही पण ज्यांना वगळणं परवडत नाही त्यांचे, आणि जागा उरलीच तर तारीख. बॅनर लागला त्या संध्याकाळी रिठदच्या चहाच्या हॉटेलात कोणीतरी कप्तान बशीत चहा ओतत गंभीरपणे म्हणतोच, "बॅटिंग आहे, बॉलिंग आहे. फक्त एक असा पोट्टा पायजे, ज्याले सबन येते. बसवून ठेवू. कामी पडते."

हरहुन्नरी गडी बाहेरून आणावा आणि बसवून ठेवावा, हा विचार दर हंगामात कोणाला ना कोणाला सुचतो. त्यावर शास्त्रशुद्ध मार्गदर्शन उपलब्ध नसल्यामुळे प्रस्तुत लेखकाने ते तयार केलं आहे. लेखकाची पात्रता एवढीच की संघाची गुणांची वही त्याच्याकडे असते. ज्याच्याकडे वही त्याला खेळायला मिळत नाही, पण दिसतं सगळं.

नियम १. आधी कायदा वाचा, मग गडी पाहा.

बाकावरचा माणूस किती उपयोगाचा, हे त्याच्या अंगच्या गुणांआधी खेळाच्या कायद्यावर ठरतं. बेसबॉलचं घ्या. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये संघाची यादी २६ जणांची. त्यांत चेंडू टाकणारे पिचर जास्तीत जास्त १३. बॅट धरणारे नऊ. उरले चार, आणि त्यातलाही एक बहुधा दुसरा कॅचर म्हणून राखलेला. शिवाय एकदा बाहेर काढलेला गडी त्या सामन्यात परत येत नाही. शेवटच्या डावात कोणाचा पाय मुरगळला तर बेसवर, शॉर्टस्टॉपला किंवा मागच्या मैदानात, कुठेही उभा राहू शकेल असा माणूस या उरलेल्या तिघांतूनच काढायचा. तिथे सगळ्या जागा जमणाऱ्या राखीव गड्यासाठी संघ भांडतात, आणि बरोबरच करतात.

क्रिकेटचा कायदा याच्या उलट. बदली खेळाडूला फलंदाजी नाही, गोलंदाजी नाही, कप्तानीही नाही. २०१७ च्या कायद्यापासून पंचांनी हो म्हटलं तर यष्टीमागे उभं राहता येतं, तेवढीच बढती. डोक्याला मार लागल्यास पुरा बदली देण्याची सोय आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०१९ साली आली, आणि आयपीएलने २०२३ पासून 'इम्पॅक्ट प्लेअर' आणला तेव्हा कुठे बाकावरच्याला भाव आला. तोवर ज्याला सबन येतं त्याला बसवलं की बहुतेक वेळा उरत होती फक्त फिल्डिंग आणि पाण्याच्या बाटल्या.

आपल्याकडचा कायदा तिसराच. तो समिती टॉसच्या वेळी माइकवर सांगते आणि दुसऱ्या षटकात बदलते. म्हणून प्रवेश फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: बाहेरचे किती चालतात, आणि राखीव गडी बॅट धरू शकतो का. उत्तर तोंडी मिळालं तर ते मिळालं असं समजू नये.

नियम २. भोक कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा.

कप्तानाला विचारा, नेमकं काय कमी पडतं? तो म्हणेल, "तसं काही नाही." पुन्हा विचारू नका. वही उघडा.

वहीत असं दिसतं. ओपनिंगला कप्तानाचा चुलतभाऊ जातो, कारण बॅट चुलतभावाची आहे. चुलतभाऊ पहिल्याच षटकात परत येतो आणि बॅटही सोबत घेऊन येतो. विकेटकीपर चांगला आहे, पण त्याला बॉलिंग पाहिजे. बॉलर चांगला आहे, पण त्याला शेवटचं षटक नको, कारण त्यात मार पडला तर समालोचक भोंग्यावर नाव घेतो आणि ते घरापर्यंत ऐकू जातं. लाँग ऑनला ज्याला उभं करावं तो प्रत्येक बॉलगणिक सरकत मिडऑनला येतो, कारण लिंबाची सावली तिथे आहे.

अशा संघाला ज्याला सबन येतं तो पोट्टा लागतो, तो भांडण टाळण्यासाठी. "तुझी जागा ही, आणि तिथेच उभा राह" हे वाक्य कप्तानाला कोणालाच म्हणायचं नसतं. मग ज्याची जागाच ठरलेली नाही असा माणूस दुसऱ्या गावात शोधायचा. हा रोग आहे, आणि बाहेरचा गडी हे त्याचं औषध नाही. चुलतभावाला सातव्या नंबरवर पाठवून पाहा. पेट्रोल लागत नाही.

नियम ३. प्रमाणपत्र कोणाचं ते तपासा.

"तो ऑलराउंडर आहे" असं त्या गड्याने स्वतः, त्याच्या मामाने किंवा त्याला आपल्या संघातून घालवू पाहणाऱ्या कप्तानाने सांगितलं असेल तर ग्राह्य धरू नये. परीक्षा आपण घ्यावी. टेनिस बॉल हलका, टप्पा पडला की उंच उठतो आणि हातातून उसळून निघतो. झेल घेताना हात चेंडूबरोबर मागे घेत पोटाशी आणणारा गडी जाणता समजावा. हात कडक ठेवून टाळी वाजवणारा कितीही षटकार मारत असला तरी तो आपल्या सीमारेषेवर नको. बॉलिंगमध्ये वेग पाहून भाळू नये. जोरात टाकलेला टेनिस बॉल बॅटला लागला की आपल्याच वेगाने तुरीत जातो. हळू बॉल ज्याला लपवून टाकता येतो आणि दवाने ओला झालेला बॉल ज्याला बुंध्यात टाकता येतो, त्याला चहा पाजा.

आणि मुख्य म्हणजे, सगळं येणाऱ्याला एक काहीतरी जिवावरचं यायला हवं. एकनाथ सोलकर हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. डावखुरी बॅट, मध्यमगती मारा, वेळ पडली तर फिरकी, सगळंच करायचे. पण नाव राहिलं ते फॉरवर्ड शॉर्ट लेगचं: हेल्मेट नसताना फलंदाजाच्या श्वासाच्या अंतरावर उभं राहून २७ कसोटींत ५३ झेल. पुण्याच्या केदार जाधवला आपण त्या खाली वाकून टाकलेल्या ऑफस्पिनसाठी आठवतो, त्याने कीपिंगही केलं, पण जानेवारी २०१७ मध्ये गहुंज्यात इंग्लंडच्या ३५० धावांचा पाठलाग करताना कामी आली ती बॅटच, ७६ चेंडूंत १२०. बाकीचं येतं म्हणून संघात येता येतं. टिकता येतं ते एकाच गोष्टीवर.

नियम ४. काय देता ते लिहून ठेवा.

हरहुन्नरी गड्याच्या सौद्याचं नमुनेदार उदाहरण बेन झोब्रिस्ट. बेसबॉलमध्ये जवळजवळ सगळीकडे खेळलेला माणूस. जुलै २०१५ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सने त्याला ओकलंडकडून घेतलं आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. पुढच्या वर्षी तो शिकागो कब्जकडून खेळला, तेही जिंकले, आणि मालिकेचा मानकरी हाच. आता दुसरी बाजू. रॉयल्सने त्याच्या बदल्यात दोन तरुण पिचर दिले. त्यातल्या शॉन मनायाने २०१८ मध्ये ओकलंडकडून खेळताना बोस्टनला एकही हिट मारू दिली नाही. रॉयल्सला याचं दुःख झालं नसावं, त्यांच्याकडे करंडक होता. पण करंडक नसता तर तो पिचर रोज आठवला असता.

आपल्याकडे देवाणघेवाणीत गडी देत नाहीत. पेट्रोल, जेवण, जमलं तर बूट, आणि जिंकलं तर बक्षिसातला वाटा, ज्यावर नंतर महिनाभर बोलणं बंद असतं. पण खरी किंमत वेगळीच असते. बाहेरचा एक आत आला की गावचा एक बाहेर बसतो. तो साधारण सोळा-सतरा वर्षांचा असतो, सकाळी पिच झाडायला पहिला आलेला असतो, आणि काही बोलत नाही. ही रक्कम हिशेबात कोणी लिहीत नाही. मी लिहितो.

नियम ५. आधार कार्डावरचं गाव वाचा.

"मामाचं गाव हेच आहे" हा पुरावा समिती मानत नाही. जिंकल्यावर तर नाहीच.

नियम ६. त्याची लाईन रात्रीची की दिवसाची ते विचारा.

हा नियम कोणत्याही इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. स्पर्धा रात्रीची, हरभऱ्याला पाणी रात्रीचं, आणि शेतीच्या विजेची लाईनही त्याच आठवड्यात रात्रीची. उपांत्य सामन्याच्या दिवशी आपला हरहुन्नरी गडी बॅटरी घेऊन बांधावर उभा असतो. त्याला दोष देऊ नये. ज्याला सबन येतं त्याला पाणी देणंही येतं, आणि घरच्यांना ते आधीपासून माहीत असतं.

नियम ७. मोठ्या घरचा दाखला घ्या, पण पुरा घ्या.

बाहेरच्यावर नाक मुरडणाऱ्यांसाठी: आपल्या विदर्भाने रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला तो २०१७-१८ मध्ये, इंदूरला, दिल्लीविरुद्ध. विजयी फटका मुंबईहून आलेल्या वसीम जाफरचा, प्रशिक्षक मुंबईचेच चंद्रकांत पंडित. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकलो, तेव्हा जाफरने हंगामात हजारावर धावा केल्या. २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात जामठ्यात केरळविरुद्ध कर्नाटकातून आलेल्या करुण नायरने ८६ आणि १३५ काढल्या. हे सगळं चहाच्या हॉटेलात ठासून सांगितलं जातं.

पुढचं सांगितलं जात नाही. इंदूरच्या त्या सामन्यात हॅट्ट्रिक घेतली ती घरच्या रजनीश गुरबानीने. जामठ्यात पहिल्या डावात १५३ ठोकले ते नागपूरच्या दानिश मालेवारने, तेही करुणबरोबर उभं राहून. त्या हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, रणजीच्या एका हंगामातला विक्रम. आणि करुण पुढच्या हंगामात कर्नाटकात परत गेला. आलेला माणूस जातो. जाताना त्याच्याशेजारी कोण उभं राहून शिकलं, ते मोजा. मुख्य मुद्दा असा की विदर्भाने या बाहेरून आलेल्यांपैकी एकालाही 'कामी पडेल' म्हणून आणलं नव्हतं. रोज खेळवायला आणलं, आणि रोज खेळवलं.

नियम ८. आणीबाणीत आणलेल्याला थेट मैदानात सोडा.

२०२५ च्या महिला विश्वचषकात शफाली वर्मा मूळ पंधरा जणींत नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून उपांत्य सामन्याआधी तिला बोलावलं, आणि आल्या आल्या सलामीला पाठवलं. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत अंतिम सामन्यात तिने ८७ धावा काढल्या, वर गोलंदाजी करून दोन बळीही घेतले. प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार. १९८८ मध्ये आझाद मैदानावर तेंडुलकर-कांबळींची ६६४ ची भागीदारी चालू असताना पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेले तेच. पुढे रणजीत धावांचे डोंगर रचले, भारताची टोपी मात्र मिळाली नाही. बसवून ठेवणं म्हणजे काय, हे या देशात त्यांच्याइतकं कमी लोकांना ठाऊक असेल. त्यांनी शफालीला बसवलं नाही.

नियम ९. घरचा राखीव गडी मोजा.

येथे नियमावली क्षणभर थांबते, कारण लेखकाला थोडं बोलायचं आहे.

प्रत्येक संघात एक असतो. यादीत बारावा, कधी तेरावा. पिचवर पाणी मारतो, चुना टाकतो, स्टंप ठोकतो. दुसऱ्या संघाचा अंपायर आला नाही तर अंपायर होतो आणि आपल्याच कप्तानाला पायचीत देऊन शिव्या खातो, वास्तविक टेनिस बॉलला पायचीत नसतंच. बॉल तुरीत गेला की तोच आत शिरतो आणि काटक्यांनी ओरबाडलेले हात पँटला पुसत बॉल घेऊन येतो. रात्री सगळे गेल्यावर खुर्च्या मोजून मंडपवाल्याला परत देतो. त्याला सबन येतं. त्याला बॅट देऊन कोणी पाहिलेलं नाही, म्हणून ती येते की नाही हे गावात कोणालाच सांगता येत नाही. कप्तान त्याला भाव येईल या आशेने घरात ठेवलेल्या सोयाबीनच्या पोत्यासारखा ठेवतो: भाव येत नाही, आणि पोतंही कोणी उघडून पाहत नाही.

"त्याले काय येते बे?" कप्तानाने मला एकदा विचारलं.

मी वही पुढे केली. त्याच्या नावापुढे काहीच नव्हतं. रकाना कोरा होता, याचा अर्थ तो वाईट खेळला असा होत नाही, एवढं तरी वही वाचणाऱ्याला कळावं.

नियम १०. निकाल.

ज्याला एक गोष्ट जिवावरची येते, बाकीची कामापुरती येते, ज्याच्या आधारवर गाव बरोबर आहे आणि ज्याची लाईन दिवसाची आहे, असा गडी मिळाला तर आणा. खुशाल आणा, पेट्रोल द्या, रिसोडहून आणा नाहीतर मेहकरहून. अट एकच: पहिल्या सामन्यापासून त्याला खेळवा, आणि ज्याची जागा त्याला देता त्याला तोंडावर, टॉसच्या आधी सांगा. बसवायलाच माणूस पाहिजे असेल तर तो गावात आधीच बसलेला आहे; त्याला साखळीतल्या एखाद्या सामन्यात तीन नंबरवर पाठवा. फार तर हराल, आणि हरायची तर आपल्याला सवय आहेच.